सुई कोणाच्या हाती : गवत कापणाऱ्या यंत्राच्या कार्ब्युरेटरचा आणि त्याच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील मध्यमवर्गीय घरांत पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र सर्रास दिसू लागले आणि त्याच्याबरोबर अंतर्ज्वलन इंजिन, म्हणजे सिलिंडरच्या आतच इंधन जाळून शक्ती निर्माण करणारे इंजिन, घरमालकाच्या थेट देखभालीखाली आले. मोटारगाडीमुळे असे इंजिन दारापर्यंत आधीच पोहोचले होते हे खरे. परंतु मोटारगाडीच्या दुरुस्तीसाठी गॅरेज आणि प्रशिक्षित कारागीर यांची स्वतंत्र व्यवस्था लवकरच उभी राहिली, तर गवत कापणारे यंत्र दीर्घकाळ मालकाच्याच हातात राहिले. यंत्राची किंमत बेताची असल्याने कारागिराची मजुरी परवडत नसे, ते एका माणसाला उचलून मेजावर ठेवता येई आणि ते बंद पडले तरी कोणाचे कामावर जाणे अडत नसे, त्यामुळे ते सावकाश उघडून पाहायला सवड मिळे. याहून महत्त्वाचे कारण असे की थंड हवामानाच्या प्रदेशांत हे यंत्र वर्षातले पाच-सहा महिने पडून राही आणि अशा पडून राहिलेल्या यंत्राचा जो भाग हमखास बिघडे, तो म्हणजे कार्ब्युरेटर. या लहानशा भागाची घरगुती दुरुस्ती कशी रुजली, कोणत्या रचनेमुळे ती सोपी झाली आणि पुढे ती मालकाच्या हातून कशी निसटली, याचा इतिहास यंत्रांच्या इतिहासाइतकाच यंत्रे बाळगणाऱ्या समाजाचाही इतिहास आहे.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार होऊन ते हवेत मिसळले आणि त्यांची वाफ झाली, तरच ठिणगीने ते पेट घेते. ही मिसळण कार्ब्युरेटर करतो. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. याहून पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण ‘गडद’ होऊन काळा धूर येतो, कमी झाले तर ते ‘पातळ’ होऊन इंजिन तापते, अडखळते आणि बंद पडते. हे प्रमाण राखण्यासाठी कार्ब्युरेटरच्या मधोमध हवेची वाट अरुंद केलेली असते. इटालियन पदार्थवैज्ञानिक जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार अरुंद वाटेत प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. हे छिद्र म्हणजे जेट. त्यात टोकदार स्क्रू कमीजास्त घुसवून पेट्रोलचे प्रमाण बदलता येते, आणि या स्क्रूला यंत्र हाताळणारे सुई किंवा नीडल म्हणतात. हवेच्या वाटेत दोन पाती असतात: इंजिनाच्या बाजूचे थ्रॉटल, जे मिश्रणाची मात्रा ठरवते, आणि बाहेरच्या बाजूचा चोक, जो थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून मिश्रण तात्पुरते गडद करतो. जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असल्यामुळे धुळीचा एक कण किंवा वाळलेल्या पेट्रोलचा पातळ थर ही सारी व्यवस्था ठप्प करायला पुरेसा ठरतो.

आरंभीचे कार्ब्युरेटर असे नव्हते. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या मोटारगाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळवली जाई; इतर काही इंजिनांत पेट्रोलमध्ये बुडवलेल्या वातींवरून हवा जाई. या पद्धतींत अडकण्यासारखे छिद्रच नसल्याने त्या बुजत नसत, मात्र पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई आणि उरलेले जड पेट्रोल टाकून द्यावे लागे. जेटमधून तुषार उडवण्याची कल्पना १८९३च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे साकारली: जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांच्या हातून आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीच्या हातून. एक फूलविक्रेती मुलगी तोंडातून फुलांवर पाणी फवारत असताना या दोघांना ती कल्पना सुचली, अशी आख्यायिका बुडापेस्टमध्ये सांगितली जाते. जेटबरोबर दुसरा एक भाग आला, तो फ्लोट. कार्ब्युरेटरच्या वाटीत तरंगणारा हा पोकळ पितळी गोळा पेट्रोलची पातळी वाढली की वर येतो आणि सुईसारखी झडप बंद करतो. या दोन भागांनी कार्ब्युरेटर कार्यक्षम झाला आणि त्याच वेळी देखभालीचा विषयही झाला, कारण जेट बुजू शकत होता आणि फ्लोटला भोक पडू शकत होते.

गवत कापण्याचे यंत्र त्याहून बरेच जुने आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडजवळच्या थ्रप येथे एडविन बडिंग यांनी १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील तंतू समान कापणारे फिरत्या पात्यांचे रूळ त्या भागातील गिरण्यांत वापरात होते आणि तीच रचना त्यांनी हिरवळीवर आणली. इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने १८३२मध्ये उत्पादनाचा परवाना घेतला. पुढे घोड्यांनी ओढायची रुंद यंत्रे आली आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामडी जोडे घातले जाऊ लागले. १८९३ साली लँकेशायरमधील लेलँडच्या जेम्स समनर यांनी वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण बंब तापायला वेळ लागे आणि यंत्राचे वजन हिरवळीला सोसवत नसे. १९०२ साली रॅन्सम्स, सिम्स अँड जेफ्रीज या कंपनीने पेट्रोल इंजिनावर चालणारे, ४२ इंच रुंदीचे यंत्र विक्रीस आणले. ते मोठ्या बागा आणि क्रीडांगणे यांच्यासाठी होते, आणि ते चालवणारा व दुरुस्त करणारा माणूस पगारी असे. धन्याने कार्ब्युरेटर उघडण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर माळ्यांची आणि गडीमाणसांची संख्या घटली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पग कंपनीने १९२१ साली ‘ॲट्को’ हे आटोपशीर मोटरयंत्र बाजारात आणले आणि ते लोकप्रिय झाल्यावर देशभर स्वतःची सेवाकेंद्रे उघडली. हिवाळ्यात यंत्र केंद्रात पाठवायचे आणि वसंतात ते धार लावून, इंजिन तपासून परत यायचे, असा क्रम मध्यमवर्गीय ब्रिटिश ग्राहकांत रूढ झाला. म्हणजे ब्रिटनमध्ये लहान इंजिन घरी आले तेव्हा त्याच्या देखभालीचे ज्ञान विक्रेत्याकडेच राहिले.

अमेरिकेत हे उलट घडले, आणि त्याचे मूळ हिरवळीत नसून धुण्याच्या खोलीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अमेरिकेतील बहुसंख्य शेतघरांत वीज नव्हती. आयोवा राज्यातील न्यूटन येथील मेटॅग कंपनीने अशा घरांसाठी ‘मल्टि-मोटर’ नावाचे एका सिलिंडरचे लहान इंजिन कपडे धुण्याच्या यंत्राखाली बसवून विकले. ते पायाने लाथ मारून सुरू करायचे असे आणि त्याच्या धुराची लवचिक नळी खिडकीतून किंवा दारातून बाहेर सोडावी लागे. त्यात कार्ब्युरेटर म्हणण्याजोगे फार थोडे असे: खालच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेणारी एक नळी, उलटे वाहू न देणारी एक झडप आणि एक सुई. आठवड्याचे कपडे धुणारी स्त्री हे इंजिन स्वतः सुरू करी आणि सुई थोडी इकडेतिकडे फिरवून ते सुरळीत चालते ठेवी; लहान इंजिनाच्या इतिहासात या स्त्रियांचा उल्लेख क्वचित होतो, परंतु घरगुती वापरात मिश्रणाचे प्रमाण हाताने जुळवणाऱ्या पहिल्या मोठ्या वर्गांत त्यांची गणना करावी लागेल. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर खेडोपाडी वीज पोहोचली, धुण्याची यंत्रे विजेवर गेली आणि रिकामी झालेली ही इंजिने मुलांच्या हाती पडून गाड्यांना, करवतींना, पंपांना आणि गवत कापण्याच्या घरगुती जुळणीला बसू लागली. याच काळात, १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने मिळालेल्या सरकारी निधीमुळे, अमेरिकेतील माध्यमिक शाळांत शेती आणि कारागिरीचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले होते. लहान इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडणे हा पुढे अशा शाळांतील एक नेहमीचा पाठ बनला. दुसरे महायुद्ध संपल्यावर उपनगरांत घरे घेणाऱ्या पिढीतील अनेकांना म्हणूनच कार्ब्युरेटर हा अपरिचित पदार्थ नव्हता.

ही उपनगरे हिरवळीच्या अटीवरच उभी राहिली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट कंपनीने सतरा हजारांहून अधिक घरे बांधली आणि प्रत्येक घराभोवतीचे गवत आठवड्यातून एकदा कापले पाहिजे, असे बंधन रहिवाशांवर घातले. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला हे काम सुट्टीच्या दिवशी उरकायचे असे, आणि हातयंत्राने ते उरकत नसे. रूळ फिरवणाऱ्या महागड्या यंत्रांच्या जागी आडवे पाते वेगाने फिरवणारे स्वस्त यंत्र याच सुमारास पसरले. त्याला जड साखळ्या आणि दंतचक्रे लागत नसत, इंजिनाच्या उभ्या दांड्यालाच पाते बसवले की काम भागे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे १९०८ साली स्टीफन ब्रिग्ज आणि हॅरॉल्ड स्ट्रॅटन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने १९५३मध्ये ॲल्युमिनियमचे हलके आणि स्वस्त इंजिन बाजारात आणले, आणि पुढील अनेक दशके अमेरिकन हिरवळीवरच्या इंजिनांत या कंपनीचे वर्चस्व राहिले.

या कंपनीच्या कार्ब्युरेटरांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण घरगुती दुरुस्ती शक्य होण्यामागे मालकाच्या कौशल्याइतकाच त्यांच्या रचनेचा वाटा होता. ‘व्हॅक्यु-जेट’ या प्रकारात फ्लोट नव्हता, पंप नव्हता, वाटीही नव्हती. कार्ब्युरेटर पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावरच स्क्रूंनी बसवलेला असे आणि त्यातून खाली लोंबणारी एक नळी टाकीत बुडे. हवेच्या वेगाने निर्माण होणाऱ्या ओढीने पेट्रोल वर येई. या साधेपणाला एक किंमत होती. टाकी भरलेली असताना पेट्रोलला थोडेच वर चढावे लागे आणि मिश्रण गडद होई. टाकी रिकामी होत गेली की चढ वाढे आणि मिश्रण पातळ होई. म्हणून सुई जुळवताना टाकी अर्धी भरलेली असावी, अशी स्पष्ट सूचना कंपनीच्या दुरुस्तीपुस्तकात होती. ‘पल्सा-जेट’ या पुढच्या प्रकारात हा दोष दूर करण्यासाठी कार्ब्युरेटर आणि टाकी यांच्यामध्ये रबरी लेपाच्या कापडाचा एक पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, घालण्यात आला. पिस्टनच्या प्रत्येक ओढीबरोबर कार्ब्युरेटरातील दाब कमीजास्त होई, त्या ठोक्यांनी पडदा हाले आणि लांब नळीतून पेट्रोल उपसून टाकीच्या माथ्यावरच्या एका लहान कप्प्यात भरत राही. दुसरी आखूड नळी या सदैव भरलेल्या कप्प्यातून पेट्रोल घेई, त्यामुळे टाकीतली पातळी कितीही असली तरी मिश्रण तेच राही. एका पडद्यात पंपाचे काम साधणारी ही रचना लहान यंत्रांच्या अभियांत्रिकीतील उत्कृष्ट कल्पनांपैकी एक मानली पाहिजे, आणि तिचे श्रेष्ठत्व तिच्या बिघाडातही दिसते: बिघडणारा भाग बहुधा हाच एक पडदा असे. तो कडक झाला, सुरकुतला किंवा फाटला की इंजिनाची गती आपोआप चढत-उतरत राही. काही स्क्रू काढून पडदा बदलला की यंत्र पूर्ववत होई, आणि पडदा हार्डवेअरच्या दुकानात अल्प किमतीत मिळे.

यंत्र ओळखण्याची पद्धतही अशीच उघडी होती. इंजिनाच्या पंख्यावरील पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकाचा आरंभीचा अंक सिलिंडरचे घनफळ घनइंचांत सांगे, मधला एक अंक दांडा उभा की आडवा आणि कार्ब्युरेटर कोणत्या प्रकारचा हे सांगे, आणि स्वतंत्र संकेतांकावरून उत्पादनाचे वर्ष, महिना व दिवस कळत असे. उदाहरणार्थ, त्या विशिष्ट जागी ५ असेल तर उभा दांडा आणि व्हॅक्यु-जेट, ९ असेल तर उभा दांडा आणि पल्सा-जेट. दुकानदाराला केवळ क्रमांक सांगून योग्य पडदा मागता येई. इंजिनाची गती राखणारी यंत्रणासुद्धा डोळ्यांना दिसणारी होती: पंख्याच्या वाऱ्याने ढकलले जाणारे एक हलके पाते आणि त्याला ताणून धरणारी एक स्प्रिंग थ्रॉटलला जोडलेली असे, गवत दाट लागून इंजिन मंदावले की वारा कमी होई, स्प्रिंग जिंके आणि थ्रॉटल उघडे. कोणतेही शिक्षण न घेतलेल्या माणसालाही थोडा वेळ पाहून तिचे कार्य कळू शके, असा हा प्रामाणिकपणा त्या काळच्या रचनेत होता.

घरगुती देखभालीचा क्रम या रचनेतूनच ठरला. पेट्रोल साठवून ठेवले की त्यातील काही घटकांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि हलका अंश उडून गेल्यावर तो छिद्रांच्या आत रोगणासारखा बसतो. म्हणून हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही, हा पहिला नियम होता. तो न पाळल्यास वसंतात कार्ब्युरेटर उतरवून त्याचे धातूचे भाग द्रावकात भिजवावे लागत आणि छिद्रांतून दाबाची हवा सोडावी लागे. पितळी जेटमध्ये पोलादी तार घालू नये, असे प्रत्येक दुरुस्तीपुस्तक बजावून सांगे, कारण पितळ मऊ असल्याने छिद्र नकळत रुंदावते आणि मग कोणतीही सुई जुळत नाही. फ्लोटच्या प्रकारात पितळी गोळा कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का हे ऐकत, आणि तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात यावरून भोक शोधत. हवेची गाळणी म्हणून वापरलेला फोम साबणाच्या पाण्यात धुवून, वाळवून, त्यात थोडे तेल मुरवून पुन्हा बसवला जाई. या सगळ्यानंतर सुई जुळवण्याचे काम येई, आणि ते कानांनी करायचे काम होते. सुई बोटांच्या हलक्या जोराने पूर्ण बंद करायची, कारण जोर दिल्यास तिच्या टोकाला कडी पडते. मग ती दीड फेरे उघडायची. इंजिन तापू द्यायचे. आणि भर वेगात सुई हळूहळू आत फिरवत इंजिन अडखळू लागेपर्यंत न्यायची, नंतर बाहेर फिरवत ते जड, असमान चालू लागेपर्यंत न्यायची आणि या दोन टोकांच्या मध्ये, किंचित गडद बाजूला, ती सोडायची. शब्दांत मांडता येणारे, मोजमापाच्या उपकरणाशिवाय शिकता येणारे आणि तरीही अचूक असे हे ज्ञान लाखो घरांत बापाकडून मुलाकडे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेले.

ऑस्ट्रेलियात ही परंपरा वेगळ्या वाटेने उभी राहिली, कारण तेथे यंत्राचा जन्मच घरामागच्या गॅरेजमध्ये झाला. सिडनीच्या कॉनकॉर्ड उपनगरात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ साली व्हिलियर्स कंपनीचे दोन-स्ट्रोक इंजिन आडवे निजवून, त्याच्या दांड्याला पाते बसवून आणि पीच फळांचा रिकामा डबा पेट्रोलची टाकी म्हणून लावून यंत्राचा पहिला नमुना तयार केला. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनात वेगळी झडपयंत्रणा नसते, त्यामुळे ते हलके आणि उताराच्या जमिनीवरही वंगण न तुटणारे असे. मात्र तेलमिश्रित पेट्रोल सुकले की कार्ब्युरेटरमध्ये तेलाचा चिकट थर उरे आणि तेथील मालकांना जेट वरचेवर साफ करावा लागे. ‘व्हिक्टा’ या नावाने विकले गेलेले हे यंत्र ऑस्ट्रेलियन उपनगरी जीवनाची खूण बनले, इतके की २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात गवत कापण्याची यंत्रे मैदानावर आणण्यात आली. पुढे या कंपनीने स्वतःचे प्लास्टिकचे कार्ब्युरेटर वापरात आणले. त्यांना गंज लागत नसे, परंतु धातूच्या कार्ब्युरेटरइतकी झीज आणि ताण त्यांना सोसत नसे.

फ्लोटच्या जागी पडदा येण्यामागे उतार आणि कलंडणे यांचाही वाटा आहे. तरंगणारा गोळा गुरुत्वाकर्षणावर विसंबून असतो. यंत्र कलंडले की पातळीचा हिशोब बिघडतो. या दोषाचे सर्वांत गंभीर रूप दुसऱ्या महायुद्धात दिसले. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनात फ्लोटचा कार्ब्युरेटर होता आणि विमानाने एकाएकी नाक खाली घातले की पेट्रोल वाटीच्या माथ्याकडे उसळून इंजिन अडखळे, तर थेट इंधन फवारणी असलेली जर्मन विमाने निर्वेधपणे खाली सूर मारत. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेतील अभियंत्या बिअट्रिस शिलिंग यांनी १९४१ साली पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक लहानशी छिद्राची चकती तयार केली. इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल तिच्यातून जात असल्याने जादा पेट्रोलाचा लोंढा थांबला. युद्धानंतर एका माणसाने उचलायच्या साखळी-करवतीला कोणत्याही कोनात चालणारा कार्ब्युरेटर हवा होता, आणि अमेरिकेतील टिलॉट्सन व वॉलब्रो यांसारख्या कंपन्यांनी पडद्यावर चालणारे लहान कार्ब्युरेटर विकसित करून ती गरज भागवली. हातात धरून गवत छाटणाऱ्या आजच्या बहुतेक पेट्रोल यंत्रांतील कार्ब्युरेटर त्याच कुळातले आहेत.

मालकाच्या हातून सुई गेली ती प्रदूषणाच्या प्रश्नामुळे. लहान इंजिने आकाराच्या मानाने फार धूर सोडत होती आणि गडद मिश्रणावर जुळवलेली इंजिने न जळलेले पेट्रोल हवेत टाकत होती, हे निर्विवाद होते. अमेरिकेत १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातील सुधारणांनुसार अशा इंजिनांसाठी उत्सर्जनाचे नियम तयार झाले आणि १९९७च्या मॉडेलवर्षापासून ते देशभर लागू झाले. नियम पाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग उत्पादकांनी निवडला: सुई काढून टाकून जेटचे छिद्र कायमचे ठरवणे, किंवा स्क्रूवर ठरावीक मर्यादेपलीकडे न फिरणारी टोपी बसवणे. हवा स्वच्छ राखण्याचा हेतू योग्यच होता आणि त्याचा फायदाही झाला. परंतु त्या निर्णयाबरोबर यंत्र ऐकून जुळवण्याचे कौशल्य निरुपयोगी ठरले, आणि याची नोंद नियम करणाऱ्यांनी घेतली नाही. पातळ मिश्रणावर स्थिर केलेल्या या कार्ब्युरेटरांत जेट किंचित जरी बुजला तरी इंजिन अडखळू लागते आणि सुई अर्धा फेरा उघडून वेळ निभावण्याची जुनी सोय आता उरलेली नाही.

त्यातच पेट्रोल बदलले. २००५ सालच्या अमेरिकन ऊर्जा कायद्यानंतर पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याची पद्धत देशभर पसरली. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी पुरेसे साठले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि जुन्या रबरी पडद्यांना व वॉशरना इथेनॉल फुगवते. कार्ब्युरेटरची वाटी तळाशीच असल्याने हा सारा गाळ नेमका तेथे उतरतो व मऊ धातूला पांढरा बुरशीसारखा गंज चढतो. दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल या लहान इंजिनांत वापरण्यास अमेरिकेत परवानगी नाही. दरम्यान चीनमध्ये तयार झालेले पूर्ण कार्ब्युरेटर इतके स्वस्त झाले की जुना उघडून साफ करण्यापेक्षा नवा बसवणे सोपे पडू लागले. त्यामुळे घरगुती दुरुस्ती चालू राहिली, पण तिचे स्वरूप दोन बोल्ट काढून एक अख्खा भाग बदलण्यापुरते उरले. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्यानुसार २०२४पासून तेथील विक्रीसाठी तयार होणाऱ्या अशा बहुतेक नव्या यंत्रांना धूर सोडण्याची मुभाच राहिलेली नाही, आणि बॅटरीवरील यंत्रांत कार्ब्युरेटरला स्थान नाही.

महाराष्ट्रात हिरवळीचे यंत्र घरोघरी कधीच आले नाही. क्रीडांगणे, क्लब, कारखान्यांची आवारे आणि सरकारी बागा यांपुरतेच ते राहिले. कार्ब्युरेटरशी मराठी माणसाची ओळख स्कूटरमुळे झाली. बजाज कंपनीच्या पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या दोन-स्ट्रोक स्कूटरी, विशेषतः १९७२ साली आलेली चेतक, घराघरांत पोहोचल्या आणि सकाळी सुरू न होणारी स्कूटर एका बाजूला कलती करून किक मारणे हा शहरी जीवनाचा परिचित विधी झाला. स्कूटर कलती केल्याने पेट्रोल कार्ब्युरेटरकडे वाहून त्याची वाटी भरते, हे त्यामागचे तत्त्व सगळ्यांना ठाऊक नसले तरी उपाय सगळ्यांना ठाऊक होता. प्लग काढून काचकागदाने घासणे, कार्ब्युरेटर खोलणे, जेटला हवा मारणे, तांब्याच्या तारेच्या एका बारीक धाग्याने छिद्र मोकळे करणे ही कामे वाड्याच्या अंगणात आणि चाळीच्या जिन्याखाली होत असत. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकांमुळे नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा जवळपास सर्वत्र संगणकनियंत्रित इंधनफवारणीने घेतली.

तरीही लहान कार्ब्युरेटर महाराष्ट्रातून गेलेला नाही. तो कोकणात टिकून आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर माजलेले गवत काढण्यासाठी पूर्वी कोयता-विळ्यावर मजूर लागत. मजूर मिळेनासे झाल्यावर खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे ग्रास कटर तेथे झपाट्याने पसरले. त्यांत पडद्याचे कार्ब्युरेटर असतात, त्यांचा वापर काही आठवड्यांत आटोपतो आणि उरलेले वर्ष ते पडवीत किंवा मांगरात पडून राहतात, म्हणजे अमेरिकन उपनगरांतील यंत्राला जी परिस्थिती लाभली होती, तीच येथे निर्माण झाली आहे. त्यात भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे आणि त्या इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्राच्याच उसातून येतो. ओल्या हवेच्या किनारपट्टीवर असे पेट्रोल टाकीत ठेवून दिल्यास पडदा कडक होण्यास आणि जेट बुजण्यास फार वेळ लागत नाही, म्हणून हंगाम संपताच टाकी रिती करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवण्याचा जुना नियम बागायतदारांना आणि यंत्रे विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानांना आजही तितक्याच काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि सुट्या पडद्यांचा संच दुकानात ठेवणारा तालुक्याचा मिस्त्री अजून एका दुपारीत असे यंत्र चालू करून देऊ शकतो.